हत्तीचं डुक्कर करणारा कॅमेरा

नाण्याचा फोटो काढताना माणूस नाणं दोन बोटांत धरतो आणि त्यातलं एक बोट नेमकं सालावर ठेवतो. वय, शिक्षण, तालुका, कशाचाही याला अपवाद नाही. बघणाऱ्याला आधी सालच हवं असतं. पहिल्या फोटोत राणी व्हिक्टोरिया मुकुट घालून झोकात बसलेली असते आणि मागच्या बाजूच्या फोटोत, जिथे साल असतं तिथे, एक भलामोठा अंगठा असतो. त्या अंगठ्याच्या रेषा मात्र इतक्या ठसठशीत आलेल्या असतात की तेवढ्यावर जमिनीचं खरेदीखत व्हावं. खाली मजकूर : 'काका, किती येतील?'

मला नाण्यांतलं कळतं अशी आमच्या गोतावळ्यात समजूत आहे. घरात काही अल्बम आहेत, एक भिंग आहे आणि ते डोळ्याला लावून मी 'हं' असं म्हणतो. एवढ्या भांडवलावर आपल्याकडे माणूस तज्ज्ञ होतो. पूर्वी लोक नाणं घेऊन घरी यायचे. चहा व्हायचा, रुपया फरशीवर टाकून वाजवला जायचा, मग मी 'हं' म्हणायचो. आता नाणं साताऱ्याला कपाटात राहतं आणि त्याचा फोटो माझ्याकडे येतो. हातात न घेता त्याचं रूप सांगायचं, प्रत सांगायची, खरं की खोटं ते सांगायचं, वर भावही सांगायचा. तेही निळ्या टिका उमटल्यापासून पाच मिनिटांत, नाहीतर दुसरा मेसेज येतोच : 'बघितलंत ना?'

फोटोत नाणं कशावर ठेवलंय हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बोटांत न धरलेले बहुतेक रुपये चादरीवर टिपले जातात. फोनच्या कॅमेऱ्याला चकाकणाऱ्या गुळगुळीत रुपयावर नजर ठरवता येत नाही, विणलेल्या चादरीवर मात्र चटकन ठरवता येते. त्यामुळे राणी धूसर आणि चादरीवरचा गुलाब टवटवीत. अशा फोटोवरून मी चादरीची प्रत छातीठोकपणे सांगू शकतो. सोलापुरी आहे, चौकट पक्की आहे, दोन-तीन धुण्यांतली आहे. पण चादरीबद्दल कुणी विचारत नाही.

काही फोटो देवघरातून येतात. लक्ष्मीपूजनाला मांडायचे चांदीचे रुपये आपल्याकडे घरोघर असतात आणि दरवर्षी त्यांना हळदीकुंकू लागतं. पिढ्यानपिढ्यांचं कुंकू राणीच्या केसांत जाऊन बसलेलं असतं. आता रुपया किती झिजलाय हे बघायची जागा म्हणजे नेमके हे केसच. नाण्यावरचा जो भाग सगळ्यांत उंच तो सगळ्यांत आधी झिजतो : गाल, भुवई, कानावरची बट. केसाची एकेक रेघ वेगळी दिसली तर नाणं फारसं हिंडलेलं नाही, आणि तिथे सपाट टक्कल दिसलं तर बाजारात भरपूर हात बदलून आलेलं. पण या फोटोतली राणी सौभाग्यवती. भांगभर कुंकू. रेघ मोजायची कुठे?

अंगठ्याचा आणखी एक उद्योग आहे, तोही सांगून टाकतो. पूर्वी चांदीच्या रुपयांना कडी डाखून त्यांच्या माळा करत. पुढे गरज पडली की कडी काढायची, डाख कानशीनं घासून टाकायचा आणि रुपया पुन्हा रुपया म्हणून विकायचा. डाखाची ती जागा बहुधा राणीच्या मुकुटाच्या वर, घड्याळात बारा वाजतात तिथे असते. विकणारा जाणता असेल तर त्याचं बोट सालावर नसतं, ते बाराच्या काट्यावर असतं. म्हणून माझा एक साधा हिशेब आहे. सालावर बोट असेल तर माणूस भोळा आणि मुकुटावर असेल तर व्यापारी.

मग कुणीतरी सुचवतं, फोटो नको, स्कॅन करून पाठवतो. ऑफिसात स्कॅनर आहे. साहेब चारला जातात. स्कॅनर हे प्रामाणिक यंत्र आहे असा एक समज आहे, कारण त्याला सौंदर्यदृष्टी नाही. तो कागद बघायला जन्मलेला असतो. काचेखालून दिव्याची एक पट्टी सरकत जाते, उजेड एकाच बाजूनं आणि ठरलेल्या कोनातून पडतो, आणि जे सपाट आहे ते उत्तम येतं. नाणं सपाट नसतं, हाच त्याचा गुन्हा. स्कॅनर नाण्याचा आधार कार्डावरचा फोटो काढतो : ओळख पटते, पण आपण असे दिसतो हे कुणी कबूल करत नाही. कोरा करकरीत रुपया त्यात राखाडी, मलूल, नुकत्याच तापातून उठलेला दिसतो. उलट वर्षानुवर्षं बंड्यांच्या खिशांत फिरलेला गुळगुळीत रुपया स्कॅनमध्ये शांत आणि कुलीन दिसतो. दोघांना एकाच पंक्तीत बसवण्याची ही समता संविधानाला धरून असेल, पण संग्राहकाला परवडत नाही.

त्यातही हल्लीचे चपटे, स्वस्त स्कॅनर. त्यांना काचेला चिकटलेलं तेवढंच नीट दिसतं, काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर गेलेलं सगळं धुक्यात. जुन्या जाडजूड स्कॅनरमध्ये आरसे आणि भिंग असायचं, त्याला थोडी खोली कळायची. आता नाणं जपण्यासाठी प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं असेल तर ते काचेपासून तेवढंच वर राहतं. त्यामुळे डबीवरचे ओरखडे खणखणीत येतात आणि आतला राजा पाण्याखाली. आरशासारख्या पार्श्वभूमीचं 'प्रूफ' नाणं टाकावं, तर उजेड भलत्याच दिशेला परतून जातो आणि ते कोळशासारखं काळं येतं. खास संग्राहकांसाठी चकचकीत साच्यातून पाडलेलं नाणं, आणि स्कॅनमध्ये जळलेली भाकरी.

एकदा एका स्नेह्यांनी जॉर्ज पाचव्याचा रुपया स्कॅन करून पाठवला आणि फोन केला. आवाजात थरकाप होता. 'अहो, राजा आत गेलाय! बाहेर असायला हवा ना? हा एरर कॉइन आहे. लाखात जाईल.' स्कॅन बघितला. राजा खरोखरच आत गेला होता. साच्यात असतो तसा खोलगट. मी त्यांना फोन उलटा धरायला सांगितलं. राजा डोक्यावर उभा राहिला आणि त्याच क्षणी बाहेर आला. आपला मेंदू सूर्याखाली वाढलेला आहे. उजेड वरूनच येतो असं तो धरूनच चालतो. स्कॅनरच्या काचेवर नाणं उलटं पडलं आणि चित्र नंतर फिरवून सरळ केलं की उजेड खालच्या बाजूनं येतो, सावल्या उलट्या पडतात, आणि मेंदू सावल्या चुकल्या असं न म्हणता राजाच खड्ड्यात घालतो. चंद्रावरच्या विवरांच्या फोटोंत हाच घोटाळा होतो. स्नेह्यांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'म्हणजे उलटा धरून विकला तर?'

छायाचित्रं आल्यावरही बरेच नाणेअभ्यासक या बाबतीत शहाणे होते. ते नाण्याचा प्लॅस्टरमध्ये ठसा घेत आणि पुस्तकात छापायला त्या ठशाचा फोटो काढत. प्लॅस्टर पांढरं, मंद, एकसारखं. त्यात रंग नाही, चकाकी नाही, कुंकू नाही. अक्षरं आणि नक्षी तेवढी उरते. संग्रहालयांच्या जुन्या सूचींतली ती पांढरी-करडी पानं बघितली की नाण्यांच्या जगात एके काळी किती शांतता होती हे कळतं. कुणीही प्लॅस्टरचा ठसा मध्यरात्री पाठवून 'किती येतील' विचारत नसे. फार तर कागदावर पेन्सिल घासून काढलेला छाप पाकिटातून यायचा, आणि उत्तर द्यायला पंधरा दिवस मिळायचे.

चकाकी ही तर फोटोच्या मुळावरच उठलेली गोष्ट आहे. नाणं पाडताना दोन साच्यांमध्ये प्रचंड दाब बसतो, धातू मधून कडेकडे सरकतो, आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणं उजेडात जरा कललं की त्या रेषांवरून प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. संग्राहक ज्याला 'लस्टर' म्हणतात ते हे. नाणं झिजलं किंवा कुणी घासलं की त्या रेषा गेल्या, आणि एकदा गेल्या की कुठल्याही पॉलिशनं परत येत नाहीत. अडचण एवढीच की लस्टर फिरतो आणि फोटो स्थिर असतो. त्यामुळे आता विकणारे व्हिडिओ पाठवतात. नाणं बोटांत, ट्यूबलाइटखाली, डावीकडे-उजवीकडे कलवत. पार्श्वभूमीला टीव्हीवरची मालिका. राजाच्या गालावरून प्रकाश फिरतोय आणि मागे कुणीतरी 'मी या घरात पाऊल ठेवणार नाही' म्हणून ओरडतंय. तरीही लस्टर बघायचा असेल तर व्हिडिओ बरा, हे मी मान्य करतो. मालिकेतलं पुढे काय झालं तेही कळतं.

रंगाचं तर विचारूच नका. चांदी हवेतल्या गंधकाशी लग्न लावते आणि तिच्यावर एक पातळ थर चढतो. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो : आधी फिकट पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा, शेवटी काळा. पाण्यावर तेलाचा तवंग जसे रंग दाखवतो त्यातलाच प्रकार. जुन्या पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रुपयावर कधी कधी असं इंद्रधनुष्य येतं की संग्राहक दुप्पट-तिप्पट मोजतात. हे कळल्यावर अर्थातच लोक उकडलेल्या अंड्यांसोबत रुपये डब्यात कोंडून ठेवायला लागले. आणि ज्यांना अंडं चालत नाही त्यांनी फोनमधला रंगांचा सरकता काटा पकडला. तो उजवीकडे ओढला की अंड्याशिवाय इंद्रधनुष्य येतं. शाकाहारी टोनिंग.

तिकडे पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोनं वेगळेच संसार उभे राहतात. 'काका, सोन्याचा रुपया निघाला आजोबांच्या पेटीत!' असा मेसेज आला की मी एवढंच विचारतो, 'स्वयंपाकघरात काढलाय का फोटो?' उत्तर बहुतेक वेळा हो असतं. दुसऱ्या दिवशी गॅलरीत काढलेल्या फोटोत रुपया चांदीचा होतो आणि घरात दिवसभर सुतक पाळलं जातं.

सगळ्यांत धोकादायक मंडळी म्हणजे फोटो चांगला यावा म्हणून नाणं आधी घासणारी. चिंच, राख, लिंबू-मीठ, टूथपेस्ट. साताऱ्याच्या आमच्या आत्याबाई एरवी कुणाचं वाईट करणार नाहीत. पण रुपयाचा फोटो पाठवायचा म्हटल्यावर त्यांनी तो तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या शेजारी बसवला. रुपया लख्ख झाला. फोटोत तर असा चमकला की सगळं कुटुंब खूश. भिंगाखाली अशा रुपयावर एकाच दिशेनं गेलेल्या बारीक रेषा दिसतात, केसाएवढ्या. गंमत अशी की उजेड त्या रेषांच्या दिशेनं पडला तर त्या दिसत नाहीत, आडवा पडला तरच दिसतात. म्हणजे एकाच नाण्याचे दोन फोटो. एकात निष्कलंक, दुसऱ्यात घासलेलं. आत्याबाईंनी अर्थातच पहिला पाठवला. मी दुसरा मागितला. 'तुला माझ्यावर विश्वास नाही,' असं ठरलं. रुपयाची प्रत अजून ठरायची आहे.

आता प्रतीचंच निघालं म्हणून सांगतो. नाण्यांना १ ते ७० असे गुण देण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसानं १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटवरच्या पुस्तकात मांडली. मूळ हिशेब साधा होता. अगदी झिजलेल्या नाण्याला १ रुपया, म्हणजे त्यांचा १ डॉलर मिळत असेल, तर निर्दोष नाण्याला त्याच्या ७० पट मिळावेत. ७० का, १०० का नाही, हे आपल्या परीक्षा मंडळाला विचारण्यासारखंच आहे. पण खरी मौज पुढे आहे. हे गृहस्थ पेशानं मानसशास्त्रज्ञ होते. माणसांच्या देहयष्टीवरून स्वभाव ठरवता येतो असा त्यांचा सिद्धांत होता, आणि त्यासाठी त्यांनी कॉलेजातल्या तरुणांचे विवस्त्र फोटो जमवून प्रत्येकाला तीन-तीन आकडे दिले. म्हणजे फोटो बघून गुण देण्याचा छंद त्यांना नाण्यांपुरता नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीला आलं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम प्रतीची सेंट नाणी उचलून त्यांच्या जागी स्वतःची हलक्या प्रतीची ठेवण्याचं कामही त्यांनी केलं होतं. नाण्याची प्रत ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे, हे यावरूनही सिद्ध होतं. कुठलं उचलायचं हे त्यांना बरोबर कळायचं.

या मोजपट्टीवर ६० पासून ७० पर्यंतच्या पायऱ्या न वापरलेल्या नाण्यांसाठी. ६३ आणि ६४ मधला फरक काही नाण्यांच्या बाबतीत महिन्याच्या पगाराएवढा असतो आणि तो डोळ्यांनी, नाणं हातात घेऊन, दिव्याखाली फिरवून ठरवायचा असतो. त्यात पुन्हा 'आय अपील' म्हणून एक भानगड आहे, म्हणजे नाणं बघून मन प्रसन्न होतं का. हे सगळं आमच्या ग्रुपवर दीडशे केबीच्या, तीनदा पुढे ढकललेल्या, व्हॉट्सॲपनं प्रत्येक वेळी थोडा थोडा चिरडलेल्या फोटोवरून ठरतं. (एक्सएफ म्हणजे जरासंच झिजलेलं, व्हीएफ त्याहून थोडं जास्त, यूएनसी म्हणजे न वापरलेलं.)

'एक्सएफ.'

'एक्सएफ कसला? व्हीएफ. कानाची पाळी बघा.'

'कान दिसतोय कुठे?'

'तेच म्हणतोय मी. झिजलाय म्हणूनच दिसत नाही.'

'फोटो हलला आहे साहेब.'

'हललेला फोटो मुद्दाम पाठवतात. माझा ४० वर्षांचा अनुभव आहे.'

यावर नाण्याचा मालक विनयानं लिहितो, 'यूएनसी प्लस प्लस आहे सर.' न वापरलेल्याच्याही पुढे दोन अधिक. म्हणजे टांकसाळीतून बाहेर पडण्याआधीचं नाणं असावं.

बारकावे बघण्याची हौस आम्हा लोकांना फार. १८४० च्या रुपयावर मागे पानांची माळ आहे, तिच्यातली इवलीशी फळं मोजून प्रकार ठरतो. फोटोत फळांऐवजी चौकोनी ठिपके दिसतात, तरी लोक मोजतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. १८६२ च्या रुपयाची कथा त्याहून अवघड. टांकसाळींनी त्याच्यावर १८६२ हेच साल १८७४ पर्यंत कायम ठेवलं. मधल्या काळात कुठला रुपया कधीचा हे ठिपक्यांवरून ओळखायचं, असं जाणकार सांगतात. सालाखाली एक ठिपका, वर दोन, खाली तीन. आता त्या फोटोत ठिपका म्हणजे ठिपका, की धूळ, की कॅमेऱ्यावरचा तेलकट डाग? एका ग्रुपवर एका रुपयाचा अत्यंत दुर्मीळ ठिपका पाहून बोली लागत गेली. तो ठिपका नंतर मालकाच्या दुसऱ्या फोटोत पातेल्यावरही दिसला, तेव्हा बोली थांबली.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे १९११ चा रुपया. नाण्याच्या रूपावरून झालेला याहून मोठा गोंधळ आपल्या देशानं पाहिलेला नाही, आणि तोही फोटोशिवाय, उघड्या डोळ्यांनी. पाचवे जॉर्ज गादीवर आले. नव्या रुपयावर त्यांची छबी आली. राजाच्या अंगावर राजवस्त्र, वस्त्रावर 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर'ची माळ, आणि त्या माळेत हत्ती. हिंदुस्थानच्या मानासाठी मुद्दाम घातलेला. पण तो हत्ती एवढ्या लहान जागेत कोरायचा होता की सोंड आखूड झाली, पाय आखूड झाले, आणि लोकांनी रुपया डोळ्यांजवळ नेला तेव्हा त्यांना तिथे डुक्कर दिसलं. बोंब उठली. राजानं आपल्या छातीवर डुक्कर लावून लोकांचा धर्म बुडवायचं ठरवलंय, असा त्याचा अर्थ लागला. सरकारनं नाणी परत घेतली, बरीचशी वितळवली आणि १९१२ पासून हत्तीला पुन्हा कोरून स्पष्ट सोंड दिली. साम्राज्य केवढं, आणि सोंड एवढीशी.

कोरणाऱ्या कलावंताची मला मनापासून दया येते. तीस मिलिमीटरच्या नाण्यावर राजा, राजाच्या छातीवर माळ, माळेत हत्ती, हत्तीला सोंड. ती सोंड केवढी येणार? पण जनतेचं म्हणणंही खोटं नव्हतं. मी भिंगातून बघितलंय. डुक्कर म्हटलं की डुक्कर दिसतं, हत्ती म्हटलं की हत्ती. आधी काय सांगितलंय त्यावर आहे. आणि इथेच आजच्या कॅमेऱ्यानं कहर केलाय. 'पिग रुपी' महाग जातो हे आता सगळ्यांना कळलंय. तो फक्त १९११ चा, हे मात्र अर्ध्यांनाच. त्यामुळे १९१४, १९१८, १९२०, मिळेल त्या सालाचे रुपये छातीजवळ झूम करून येतात. हत्तीभोवती लाल गोल काढलेला. 'डुक्कर स्पष्ट दिसतंय बघा.' आणि खरोखरच दिसतं! धूसर फोटोत सोंड सगळ्यांत आधी विरते. १९१२ साली टांकसाळीनं इतक्या कष्टानं दिलेली सोंड एका स्वस्त फोननं शंभर वर्षांनी परत काढून घेतली. मी एकाला म्हटलं, 'अहो, साल १९१८ आहे, हा हत्तीच आहे.' तो म्हणाला, 'मग माझ्या फोनमध्ये डुक्कर का दिसतंय?' त्याचा फोनवर विश्वास होता. त्याला काय दोष द्यायचा? १९११ साली लोकांचा स्वतःच्या डोळ्यांवर होता.

शिवराईच्या फोटोंचा प्रकार थोडा वेगळा. तिथे दिसण्याचा प्रश्न नसतो, वाचण्याचा असतो. तांब्याची, हातानं ठोकून पाडलेली नाणी. साचा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एका बाजूचं 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूचं 'छत्रपति' क्वचितच पूर्ण उमटतं. एखाद्या नाण्यावर 'श्री' असते, दुसऱ्यावर नुसता 'जा'. शिवाय शिवराई महाराजांनंतरही कितीतरी काळ पाडली जात होती, पेशवाईत तर भरपूर, आणि इंग्रजी अमलातही ती चालत राहिली. पण फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या हातातली शिवराई थेट रायगडावरून आलेली असते. इथे मी 'हं' एवढंच म्हणतो. तांबं झिजलंय, अक्षर पुसलंय, खोबरेल चोळून फोटो काढलाय. पण पलीकडच्या माणसाला त्यात आख्खं 'छत्रपति' दिसतंय. त्याला 'नाही' म्हणायची ताकद माझ्यात नाही, कुणात असेल असं वाटत नाही.

बाकी फसवणुकीचे फोटो तर ठरलेलेच. १८१८ सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं रामदरबाराचं नाणं, जे कंपनीनं कधी पाडलंच नाही. तांदूळ ओढून घेणारं चुंबकीय नाणं, ज्याच्या व्हिडिओत तांदळाचे दाणे नाण्याकडे सरकतात आणि बघणाऱ्याचे पैसे दाखवणाऱ्याकडे. २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं 'दहा लाखांना'. रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलं की आम्ही जुन्या नाण्यांच्या असल्या खरेदीविक्रीत नाही आणि त्यासाठी कुणाकडून फी वगैरे घेत नाही. ते निवेदनही लोकांनी मला पाठवलं, खाली त्याच पाच रुपयांच्या नाण्याचा फोटो जोडून.

तर मी आता एक पद्धत ठेवलीय. फोटो आला की रूपाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. आधी वजन मागायचं. चांदीचा रुपया एका तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. झिजलेला असेल तर थोडा कमी भरतो, पण जास्त भरला की काहीतरी गडबड. फोटो कितीही नटवला तरी वजन नटवता येत नाही. जुने सराफ तर त्यावरही थांबत नसत. रुपयावर आपल्या खुणेचा ठोका मारून आत खरंच चांदी आहे ना बघत. राणीच्या गालावर खूण करायला त्यांना काही वाटत नसे. शिवाय मी काठाचाही फोटो मागतो, कारण ओतीव खोट्या नाण्याचा सांधा तिथे दिसतो. एका भाच्यानं पाठवला. नाणं काठावर उभं राहत नव्हतं म्हणून त्यानं ते पेढ्यात खोचलं होतं. काठ छान आला होता. पेढा साताऱ्याचाच, कंदी.

वजनासाठी त्यानं स्वयंपाकघरातला काटा काढला. तो पूर्ण ग्रॅमच दाखवतो. आधी १२ आलं, पेढा पुसल्यावर ११. मधला ०.६६ कुणालाच सापडेना. शेवटी मी वैतागून म्हटलं, 'बाबा रे, गल्लीतल्या सराफाकडे जा. त्याच्याकडे मिलिग्रॅमचा काटा असतो. तो हातात घेईल, वाजवेल, तोलेल आणि दोन मिनिटांत सांगेल. फोटोच्या नादाला लागू नकोस.'

त्याला ते पटलं. दोन दिवसांनी मेसेज आला.

'काका, सराफांना फोन केला होता. दुकानात गर्दी आहे म्हणाले. फोटो पाठवून द्या, बघून सांगतो. तो पेढ्याचा पाठवू का चादरीचा?'